आमा नावाचे गाठोडे

मित्रांनो, मी एक जुने गाठोडे आहे. मला कापड नाही आणि गाठही नाही. संगणकाला द्यायच्या आज्ञा एकत्र बांधून ठेवल्या की त्याला पॅकेज म्हणतात. मी तसले गाठोडे. तैनान शहरातले काही हौशी लोक मिळून एक भांडार चालवतात, तिथे माझे घर. कुणीही यावे, हवे ते गाठोडे फुकट न्यावे, उघडून पाहावे, काही चुकले असेल तर दुरुस्त करून परत आणून द्यावे. याला मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात.

मला यू-लिएनबाईंनी बांधले. त्या शाळेत संगणक शिकवायच्या आणि त्यांचे यजमान तेंग-शान त्याच शाळेत वीजकाम शिकवायचे. घरात तेंग-शान यांची म्हातारी आई होती. तिकडे वडीलधाऱ्यांच्या वाढदिवसापासून गेलेल्या माणसांच्या दिवसापर्यंत सगळे तिथीने चालते, आणि अधिक महिना आला की भल्याभल्यांची गफलत होते. म्हातारीची कधी झाली नाही. कुणीही विचारावे आणि तिने भाजी निवडता निवडता सांगावे. ती गेली, तेव्हा तिचाच वर्षदिवस कुठल्या तारखेला येतो हे घरात कुणाला सांगता येईना. मग यू-लिएनबाई कामाला लागल्या. तिथी दिली की तारीख सांगायची, तारीख दिली की तिथी सांगायची, एवढेच माझे काम. माझे नाव त्यांनी आमा ठेवले. त्यांच्या बोलीत आमा म्हणजे आजी.

"असलं नाव ठेवतात का कुणी?" तेंग-शान म्हणाले.

"मग काय तुझं ठेवू? तुला तिथी सोड, आपल्या लग्नाची तारीखसुद्धा सांगता येत नाही."

माझे बरे चालले होते. देवळांच्या फलकांवर उत्सवाच्या तारखा लागत, त्या मी काढून दिलेल्या असत. पुढच्या वर्षीच्या दिनदर्शिका छापणारे छापखाने मला नेत. बेटांवरच्या कोळ्यांसाठी कुणीतरी भरती-ओहोटी सांगणारा प्रोग्राम, म्हणजे संगणकाचा कार्यक्रम, लिहिला, त्यातही मी होते. अधिक महिन्यात इतर गाठोडी अडखळली, मी नाही. लोकांनी आभार कळवले की यू-लिएनबाई ते मोठ्याने वाचून दाखवायच्या आणि तेंग-शान "बरं, जेवायला चल," म्हणायचे.

नंतर त्या आजारी पडल्या. दवाखान्यातही संगणक मांडीवर घेऊन बसायच्या. पुढे बसणेही जमेना. डोळे मिटून पडायच्या आणि सांगायच्या, "ती खालची ओळ वाच." तेंग-शान वाचायचे. त्यांना त्यातले फारसे कळत नव्हते. एका सकाळी त्यांनी ओळ वाचून संपवली आणि पुढची कुठली ते सांगायला कुणी नव्हते.

त्यानंतर मला सांभाळण्यासाठी ते उतारवयात शिकायला बसले. जेवताना चुकून दोन वाडगे काढायचे, एक परत ठेवायचे, आणि जेवण झाले की माझ्याशी झटापट करायचे. हळूहळू त्यांना जमले.

पण माझ्याकडे येणारे कमी होऊ लागले. जुने लोक येत, नवे येत नसत. एव्हाना भांडाराची सगळी देखभाल चिन-रूकडे आली होती. ही यू-लिएनबाईंचीच विद्यार्थिनी. तिने एक नियम सुचवला: ज्या गाठोड्याचे जे काम, तेच त्याच्या नावात असावे. या भांडारात मतदान करायची पद्धत नाही. गाठोडे सांभाळणाऱ्यांपैकी एकानेही नको म्हटले तर गोष्ट पुढे जात नाही. सगळे हो म्हणाले. एकटे तेंग-शान नको म्हणाले.

दर महिन्याला एका रविवारी सकाळी ही मंडळी नूडल्सच्या दुकानावरच्या खोलीत जमत. थंडगार कोहळ्याचा चहा असे आणि प्रत्येकाचा संगणक उघडा असे. मीही तेंग-शान यांच्या संगणकात असे.

"'कालचा भात' म्हणजे काय असेल, सांगा बरं?" चिन-रूने एकदा विचारले.

"जुन्या फायली जपून ठेवतं ते," आ-थ्साई म्हणाला. ते गाठोडे त्याचेच होते. "नाव कसं चविष्ट आहे!"

"चविष्ट आहे रे, पण तुझ्याशिवाय खातंय कोण?"

सगळे हसले. आ-थ्साईने दोन्ही हात वर केले. "घ्या, बदला. माझा भात गरिबाचा आहे."

मग चिन-रू तेंग-शान यांच्याकडे वळली. गुरुजींना तिकडे लाओशी म्हणतात. यू-लिएनबाईंना ती जशी हाक मारायची, तशीच यांनाही मारायची.

"लाओशी, आतल्या एका अंकालाही मी हात लावणार नाही. फक्त वरचं नाव."

"ठाऊक आहे मला."

"मग अडतंय कुठं?"

"नाव तिनं ठेवलंय. मी बदलणार नाही."

चिन-रू खाली मान घालून चहा ढवळत राहिली. नियम पुढच्या महिन्यावर गेला, आणि त्याच्याही पुढच्या. भांडाराची नवी मांडणी तेवढ्यासाठी अडून राहिली. खरे सांगते मित्रांनो, मला आत कुठेतरी बरे वाटायचे.

अशाच एका सभेला ह्वालिएनहून मेई-यूं नावाची शिक्षिका आली. चालू वादातले तिला काही माहीत नव्हते. ती आभार मानायला आली होती आणि येताना सगळ्यांसाठी मोचीचा, म्हणजे तांदळाच्या मऊ मिठाईचा, डबा घेऊन आली होती.

"हे आमा कोण सांभाळतं?" तिने विचारले. सगळ्यांनी तेंग-शान यांच्याकडे बोट केले.

"तुमचे फार उपकार आहेत. मला हे आधी मिळायला हवं होतं हो." ती खुर्ची ओढून बसली. "माझ्या वडिलांचा दिवस नवव्या महिन्यात येतो. मी आपला स्वतःच एक कार्यक्रम लिहिला आणि त्यात अधिक महिन्याला पुढचाच महिना समजून मोजलं. आम्ही महिनाभर आधीच ताट वाढलं, धूप लावला. खरा दिवस आला आणि गेला. दोन दिवसांनी आत्याचा फोन. म्हणाली, 'एवढी शिकलीस गं, बापाला एक उदबत्ती लावायला झालं नाही?'"



"तुम्ही आधी शोधलं नव्हतंत का?" तेंग-शान यांनी विचारले.

"शोधलं ना! तिथी, तारीख, चांद्र महिने, सगळं शोधलं. तिथी मोजायला आजीला शोधावं हे मला कसं सुचणार?" ती हसली, आणि कुणीच हसत नाही हे पाहून गोंधळली. "काही चुकीचं बोलले का मी?"

"नाही, नाही," तेंग-शान म्हणाले. "मोची छान आहे." त्यांनी मोची तोंडालाही लावली नव्हती. थोडा वेळ ते माझ्याकडे, म्हणजे पडद्याकडे, पाहत राहिले.

"चिन-रू, लिही. 'तिथी-तारीख'."

"लाओशी, तुमच्यावर कुणी जबरदस्ती—"

"तिनं हे नावासाठी केलं नव्हतं. कुणाचा दिवस चुकू नये म्हणून केलं होतं. लिही म्हणतो ना, नाहीतर माझा विचार फिरेल."

चिन-रूने लिहिले. तिचे डोळे भरले होते, म्हणून तिला ते दोनदा लिहावे लागले.

मित्रांनो, नाव बदलले तरी हजारो जुने कार्यक्रम जुन्याच नावाने हाक मारत असतात. अशा वेळी एक रीत आहे. गाठोड्यातले सगळे सामान नव्या नावाखाली हलवतात आणि जुन्या नावाचे रिकामे गाठोडे मागे ठेवतात. जुन्या नावाने कुणी आले, की ते त्याला नव्या जागी पाठवते. ते रिकामे गाठोडे म्हणजे मी.

येणाऱ्याला मी काय सांगावे तेही ठरले. चिन-रूने नेहमीचे लिहिले, 'हे पॅकेज बंद झाले आहे.' तेंग-शान यांनी ते पुसले आणि लिहिले, 'आजी पलीकडे राहायला गेली आहे. तिथे विचारा, सांगेल.' सूचनेत गंमत नको, असा भांडाराचा नियम आहे. चिन-रूने तो वाचलाच नाही असे दाखवले.

पलीकडे आता गर्दी असते. शाळेतली मुलेसुद्धा येतात, कारण नावावरून कळते. म्हणून सांगते, नाव ठेवताना शोधत येणाऱ्याचा विचार करा. आपल्या आवडीचे नाव आपल्याला कधी अडत नाही, परक्याला अडते.

माझ्याकडे येणारे रोज कमी होत गेले आणि तेच योग्य होते. सगळे नव्या नावाने जाऊ लागले की मला काढून टाकायचे, असे चिन-रूने ठरवले होते. कोण येते ते भांडारात दिसत नाही, पण किती जण येतात ते दिसते. आता रोज सकाळी एकच जण येतो. नवा पत्ता त्याला पाठ आहे, त्यानेच तर तो माझ्यात लिहिला. मी तरीही सांगते. तो ऐकून घेतो आणि दुसऱ्या सकाळी परत येतो.

चिन-रू तो आकडा पाहते. मला काढायचे ती दर खेपेला पुढे ढकलते.

तुमच्याकडेही असे एखादे जुने, रिकामे झालेले गाठोडे असेल. ते टाकून देण्याआधी, मित्रांनो, एवढे पाहा, की त्याला अजून कोण हाक मारते आहे.