शेवटच्या बुधवारचा भाग

माझ्या घरी दोन माणसं आली ती माझ्यासाठी नाही, एका हेरासाठी. चौसष्ट सालची गोष्ट. एक शेंदूरजनाघाटचे उत्तमराव, संत्र्याच्या बागा असलेले. दुसरे अकोल्याचे ओमप्रकाश, रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवणारे. तीन वर्षांपूर्वी रेडिओवर दर बुधवारी एका हेराची नाटकमाला लागायची, तिचे हे वेडे. कोणी लिहिली, कोणता भाग फितीवर कधी भरला, पावलांचा आवाज कशानं काढला, सगळं उकरून काढून राहिले होते. रिकामपणाला काही सुमार असतो की नाही!

त्या हेराचा आवाज आमच्या ह्यांचा होता. हे अमरावतीला शाळेत मास्तर, रेडिओ ही नुसती हौस. मालिका संपायच्या आधीच हे विषमज्वरानं गेले. उरलेलं कोणी दुसऱ्यानं निभावलं असेल, असंच आम्ही धरून चाललो होतो.

मी चहा ठेवला. मामंजी, म्हणजे माझे सासरे बापूसाहेब, आतल्या खोलीत पडून होते. मुलगा गेला आणि त्यांची वकिली सुटली, मग उठबसही सुटली. माझं म्हणाल तर माझं रडणंसुद्धा सुटलं होतं. भाजी फोडणीला टाकावी, धुणं वाळत घालावं, दिवस जातो.

दोघांचा वाद असा, की शेवटच्या भागातला हेर कोण. ओमप्रकाशांचं म्हणणं, बदली माणूस, कारण तोवर मास्तर गेले होते. उत्तमराव म्हणत, छट्, तोच आवाज. त्यांची तारीख काढायची तऱ्हाही न्यारीच. संत्र्याच्या मृगबहाराचा तोडा चालला होता, होळी करून परतलेले तोडणारे मजूरही ग्रामपंचायतीच्या रेडिओपुढे येऊन बसले होते, म्हणजे होळीनंतरचा बुधवार. मग मला विचारलं, मास्तर कधी गेले? मी सांगितलं, धुळवडीला.

ओमप्रकाशांनी बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाले, रेडिओतल्या एका माणसाकडून एक गोष्ट कळली होती, तिचा अर्थ आत्ता लागला. शाळेची परीक्षा जवळ आली म्हणून मास्तर शेवटचे भाग एकाच खेपेत आधीच फितीवर बोलून गेले होते.

"मंग मी काय सांगून राह्यलो होतो तुले?" उत्तमरावांनी मांडीवर थाप मारली. "तो मास्तरच होता."

माझ्या हातातली कपबशी मी खाली ठेवली. म्हणजे हे गेले, आणि त्यानंतर बोलले. शेंदूरजनाघाटच्या मजुरांनी ऐकलं, अकोल्यानं ऐकलं. आमच्या घरात सुतक, मामंजींनी रेडिओची वायर काढून ठेवलेली. आणि गल्ली आमची मोठी मायाळू. शेजारच्या पार्बताबाईंनी घरोघर सांगितलं होतं, रमाच्या कानावर तो कार्यक्रम पडू नये, पोरीला सोसायचं नाही. त्या बुधवारी कोणीही रेडिओ लावला नाही. आता कोणाला बोल लावू?

ती फीत ऐकायला मिळेल का, मी विचारलं. ह्यांच्यामागे मी कोणाजवळ काही मागितलं ते तेवढंच. ओमप्रकाशांनी चौकशी आधीच केली होती. फीत महाग, पुसून पुन्हा वापरायची रीतच असते. तिच्यावर केव्हाच दुसरं काही भरलं होतं.

"बाई, राग नसन तर मी म्हणून दाखवतो," उत्तमराव म्हणाले. "मले येते. थेट मास्तरसारखं."

मी मानेनंच हो म्हटलं. त्यांनी डोळे मिटले, खाकरले आणि स्वच्छ पुस्तकी मराठीत हेराचं शेवटचं वाक्य म्हटलं. "दिवा मालवा. मीच आहे."

आत खाट करकरली. मामंजी दारात आले, चष्मा नाही, धोतराचा सोगा हातात धरलेला.

"पुन्हा म्हणा," ते म्हणाले.

उत्तमरावांनी पुन्हा म्हटलं. मामंजींनी ते मान खाली घालून ऐकलं. मग ते माझ्याकडे वळले.

"हुबेहूब. रमा, असाच होता ना गं?"

मी आठवायला गेले. ह्यांचा चेहरा आठवला, आजारातला खोकला आठवला, दाराशी चपला काढायची पद्धत आठवली. आवाज काही येईना. तो माझ्यातून कधी गेला, मला कळलंही नव्हतं. उत्तमरावांचा तसा होता की नव्हता, ते मी कशावरून सांगणार? मामंजी वाट पाहत उभे होते.

"हो," मी म्हटलं. "असाच होता."