अठरा तारखा

मार्च संपत आला की समुद्रकाठच्या तळावर थंडीभर बंद उभ्या कॅरॅव्हॅनची, त्या चाकांवरच्या घरांची, कुलपं निघतात. विनीने यंदा आपलं कुलूप नवऱ्याशिवाय, एकटीने काढलं. नळ सोडला, तर पलंगाखालून पाण्याचा लोट आला.

तळावरच्या गाड्या दुरुस्त करणारा रॉडनी आला आणि गुडघे टेकून पलंगाखालच्या कपाटात शिरला.

"गिझर फुटलाय, विनीबाई. टाकीला उभी चीर गेलीय. थंडीत आत पाणी राहिलं, त्याचा बर्फ झाला."

"दुरुस्त कर ना. आर्नल्डने स्वतःच्या हाताने बसवलाय तो."

"तसलीच जुनी टाकी शोधतो हवं तर. पण बर्नरही गंजलाय. वय झालं त्याचं. माझा असता तर मी नवा बसवला असता." मग तो हसला. "आर्नल्डकाका विसरले म्हणायचे! मला मात्र दर वर्षी हटकायचे, 'पाणी काढलंस का रे, गाढवा?'"

"शेवटी शेवटी विसरायचा तो," विनी म्हणाली आणि किटलीकडे वळली.

किती सहज बोलून गेली. ऑक्टोबरातही अशीच बोलली होती. आर्नल्ड इस्पितळात, नाकात नळी, दम पुरत नव्हता. तरी त्याने विचारलं, "विने, गिझरचं पाणी काढलंस ना? पिवळी तोटी उभी केलीस?"

"केली रे बाबा."

"शाबास," म्हणून त्याने डोळे मिटले. त्याला सोडून एवढ्या लांब यायला तिचा पाय निघाला नव्हता. बारा दिवसांनी तो गेला. मग पाण्याची आठवण कुणाला राहणार?

"हे बघा," रॉडनी म्हणाला.

कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीने तारखा लिहिलेल्या होत्या. एकीखाली एक, अठरा वर्षांच्या अठरा, सगळ्या ऑक्टोबरातल्या. एकीपुढे बारीक अक्षरात होतं, 'ताप होता, तरी काढलं.' शेवटच्या तारखेखाली नुसतं लाकूड.

"यंदाच राहिलं बिचाऱ्यांकडून," रॉडनी पुटपुटला. "आजारी माणूस. काय बोलणार?"

विनीने किटली खाली ठेवली.

"तो विसरला नव्हता, रॉडनी. काढायचं माझ्याकडे होतं. मी काढलं नाही. आणि त्याला काढलं म्हणून सांगितलं."

रॉडनीने फडक्याला हात पुसले. "टाकी शोधू का?" त्याने हळूच विचारलं.

"नको. नवा बसव. हे दार तेवढं राहू दे. आणि पाणी कसं काढतात ते दाखव मला. इतक्या वर्षांत मी कधी वाकून पाहिलंच नाही."

त्याने पिवळी तोटी दाखवली. विनीने अंगठ्याने ती उभी केली. चिरेखाली उरलेलं पाणी गाडीखालच्या गवतावर टपकू लागलं. शेवटचा थेंब पडेपर्यंत ती तिथेच वाकून राहिली.