गरम कपाटातली बंदूक

ज्या माणसाने उबदार खोलीत बसून हुकूम काढला, की नदीवर जाणाऱ्या प्रत्येकाने आपली बंदूक रोज संध्याकाळी कचेरीतल्या गरम खोलीत आणून कुलपात ठेवावी, त्या माणसाने टायटसचा जीव घेतला. मी त्याचं नाव घेत नाही. त्याच्या दारावर पाटी आहे, ती त्याने स्वतः वाचावी.

मित्रांनो, मी एक जुनी, हलकी, दोन तुकड्यांत सुटणारी बंदूक आहे. माझी नळी फिरवून काढली की ती दस्त्याशेजारी निजते आणि मी एखाद्या दप्तरात मावते. वजन म्हणाल तर चहाने भरलेल्या किटलीएवढं. जन्म कुठल्याशा मोठ्या शहरातला. पोलाद तापवलं, भोक पाडलं, आत पीळ कोरले, शेवटी एका बाईने दस्त्यावरून हात फिरवला आणि "चालेल" म्हणाली. जन्माच्या वेळचं कौतुक तेवढंच.

तिथून मी अलास्कात आले, युकॉन नदीच्या वळणावरच्या एका गावात, लेलंडच्या दुकानात. तिथे मला एफीने निवडलं.

एफीचा नवरा एमस आदल्या हिवाळ्यात गेला होता. त्या गावात मयताचा खड्डा घरच्यांनी खणायचा नसतो. एमसचा शिकारीतला जोडीदार टायटस पुढे झाला. जमीन दगडासारखी गोठलेली. तिच्यावर शेकोटी पेटवायची, वितळेल तेवढं खणायचं, पुन्हा शेकोटी. असा त्याने खड्डा खणला आणि पेटीही त्यानेच ठोकली. अशा माणसाला वर्षाने गावजेवण घालून सगळ्यांसमोर काहीतरी मोलाचं द्यायचं असतं. एफी ते घ्यायला आली होती.

"वरची घ्या एफीताई," लेलंड म्हणाला. "ती लांब नळीची. उद्या अस्वल आडवं आलं तर?"

"हळू बोल रे मेल्या! बाईमाणसासमोर त्याचं नाव घेतात का? ऐकतो तो."

"बरं, तो मोठा आडवा आला तर?"

"तर टायटस गप्पा मारून मारून त्याला पळवून लावील. मला पोटासाठी बंदूक हवी आहे. माणूस रानात अडकला की त्याच्या समोर कोण येतं? ससा येतो, रानकोंबडी येते. तुझ्या त्या तोफेने ससा मारला तर त्याच्या चिंध्या होतील, कुत्र्यालाही पुरायचा नाही."

तिने लांब नळीची उचलली आणि लगेच खाली ठेवली. "ही घेऊन चालायचं तर खाणं घरी ठेवावं लागेल." दुसरीला वर दुर्बीण होती. तिच्या काचेवर एफीने नुसता श्वास सोडला, काच पांढरी झाली. तीही गेली. मग मी. तिने आधी मला कानाशी धरून हलवलं, आत काही खुळखुळतंय का ते ऐकलं. नंतर खिशातले जाड लोकरी हातमोजे काढून घातले आणि ते घालूनच मला सोडवलं, जोडलं, पुन्हा सोडवलं. लेलंड हसायला लागला.

"दात काय काढतोस? तो हिला घरात बसून जोडणार आहे का?"

एका खिशात मावतील एवढी काडतुसं तिने सोबत घेतली. माझी काडतुसं लहान असतात. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. मोठ्या बंदुकीच्या काडतुसाला टोला मधोमध बसतो, माझ्या काडतुसाला तो कडेवर बसावा लागतो आणि सणकून बसावा लागतो. तो टोला देणारी माझी आतली खिळी जरा जरी अडखळली तर मी मुकी.

गावजेवणाला सगळा हॉल भरला होता. मूस हरणाच्या मांसाचा रस्सा, सुकवलेला सामन मासा, तळलेल्या पोळ्या. एफीने टायटसचं नाव पुकारलं आणि मला त्याच्या हातात ठेवलं.

"वहिनी," तो मला तोलत म्हणाला, "ही बंदूक आहे की चमचा?"

"चमचाच आहे. हिच्यानेच जेवायचं आहे तुला."

हॉल हसून लोळला. टायटस मात्र हसता हसता डोळे पुसत होता.

मित्रांनो, पुढची वर्षं माझी सुखाची गेली. शरद ऋतू लागला की टायटस माझ्यातलं सगळं तेल रॉकेलच्या फडक्याने पुसून काढायचा, कारण थंडीत तेलाचा डिंक होतो. आणि मला कधी घरात न्यायचा नाही. दाराबाहेरच्या पडवीत, खिळ्यावर, बाहेरच्या थंडीतच माझी जागा. गार लोखंड उबेत आणलं की त्याला घाम फुटतो. बाहेरचा घाम फडक्याने पुसता येतो, आतला येत नाही. तीच बंदूक सकाळी बाहेर काढली की आतल्या घामाचा बर्फ होतो. हे त्या गावात पोरंसोरंही जाणतात. माझ्यामुळे त्या घरात किती ससे शिजले, मोजले नाहीत. टायटसने मोजू दिले नसते. मारल्याची बढाई मारली की जनावर पुन्हा येत नाही, असं तो मानायचा.

मग गावातल्या कचेरीत नदीवरच्या बर्फाची जाडी मोजायची नोकरी निघाली. टायटसने ती धरली. बर्फगाडीवर बसून लांब लांब जायचं, बर्फाला भोक पाडायचं, मोजायचं, कळवायचं. दूर शहरात कुठेतरी एक बंदूक चोरीला गेली आणि आमच्या कचेरीतल्या साहेबाने हुकूम काढला. सगळ्या बंदुका गरम खोलीत, कुलपात. वर दर आठवड्याला डब्यातलं चकचकीत तेल लावायचं.

एफी त्याला वाटेतच भेटली.

"बंदूक आत ठेवलीस? टायटस, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"साहेबाला सांगितलं, वहिनी. म्हटलं, तिला घाम येतो. तो म्हणाला, घाम माणसाला येतो."

"मग सोड ही नोकरी."

"आणि गाडीत पेट्रोल काय तुझ्या शिव्यांचं घालू? पुसतो मी तिला रोज."

पुसायचा, खरंच पुसायचा. पण त्याचं फडकं माझ्या पोटापर्यंत पोचत नव्हतं. आणि बार काढून बघावं, हे त्याच्या मनात येत नव्हतं. काम नसताना बार काढणं म्हणजे रानाला उगाच शिवी देणं, असं त्याला लहानपणी शिकवलेलं.

एका फेरीत त्याची गाडी फसली. वरून सपाट दिसणाऱ्या हिमाखाली बर्फावर पाणी चढलेलं होतं. गाडी त्यात बसली, टायटस मांड्यांपर्यंत भिजला. तो कसाबसा काठावर आला. डब्यातल्या काड्या कोरड्या होत्या, स्प्रूसच्या झाडाखाली त्याने शेकोटी केली. पण पाय गोठून गेलेच होते. त्याच्याने उभं राहवेना. वरून वादळ सुटलं. हिम इतकं दाट की शेकोटीचा धूर फांद्यांतच मुरायचा. वादळात जनावरही बाहेर पडत नाही. सुकवलेल्या माशाचे तुकडे चघळत तो बसून राहिला.

आणि मी कुठे होते? शेकोटीपासून लांब, हिमात टेकवलेली. मला घाम फुटू नये म्हणून. जन्मभराची सवय. ती सवय शहाणपणाची होती, मित्रांनो, पण कोरड्या बंदुकीसाठी. माझ्या पोटात कचेरीतला घाम आधीच गोठून बसला होता. त्याने मला त्या दिवशी आगीजवळ घेतलं असतं तर मी सुटले असते.

वादळ जरा ओसरलं आणि लांबून बर्फगाड्यांचा आवाज आला. शोधणारे नदीवरून येत होते, पुढे एफी. त्यांची रीत अशी की ठरावीक अंतरावर सगळ्यांनी इंजिनं बंद करायची आणि कान द्यायचा. रानात अडकलेला माणूस तीन बार काढतो. ते तीन बार ऐकायचे.

इंजिनं थांबली. एवढी शांतता मी आयुष्यात ऐकली नाही. एफी माझीच वाट बघत होती.

टायटसने मला ओढून घेतलं, आकाशाकडे धरलं, चाप दाबला.

टक्.

त्याने काडतूस काढलं, फिरवलं, दुसरी कड पुढे केली. पुन्हा टक्. दुसरं काडतूस. टक्. तो ओरडला, पण घशातून निघाली ती फक्त वाफ. मग त्याला कळलं. शेकोटी तर केव्हाच विझली होती. त्याने माझा आतला सरकता भाग उपसला, तोंडाजवळ धरून त्यावर श्वास सोडू लागला. ओठ लोखंडाला चिकटले, सोलले, तरी तो फुंकत राहिला. शेवटी तो तुकडा काखेत दाबून डोळे मिटून बसला.

"बोल गं," तो म्हणाला. "बोल की."

मी बोलले. तुकडा परत बसवून त्याने चाप दाबला आणि मी एकामागून एक तीनदा बोलले. पण पहिल्या बाराआधीच त्यांनी इंजिनं पुन्हा सुरू केली होती. माझा आवाज मुळात लहान. तो त्या घरघरीत बुडाला आणि गाड्या वळणापलीकडे गेल्या.

सकाळी ते त्याच वाटेने परतले तेव्हा एफीला झाड दिसलं. टायटस बुंध्याला टेकून बसलेला, मी त्याच्या मांडीवर. एफीने त्याच्या दाढीवरचं हिम झटकलं, टोपी सरळ केली. मग तिला हिमातली रिकामी टरफलं दिसली. त्यांच्या शेजारी न उडालेली काडतुसं, कडेला उथळ खळगे पडलेली. तिने ती हातमोज्यावर घेतली.

"मी थांबले होते रे," एवढंच म्हणाली. "मी ऐकत होते."

ती काडतुसं घेऊन ती कचेरीत गेली. साहेबाने ती बोटाने पलीकडे सारली.

"माल जुना असेल, बाई. आणि बंदूकही स्वस्तातली."

"माल जुना तर शेवटचे तीन बार कसे उडाले? एकाच डब्यातले आहेत हे."

"चौकशी चालू आहे. तोवर बंदूक इथेच राहील."

"कुठे इथे?"

त्याने कपाट दाखवलं. गरम खोलीतलं.

मित्रांनो, माणसाच्या जिवासाठी केलेल्या वस्तूची काळजी घ्यायची तर ती वस्तू जिथे राबते तिथली रीत आधी विचारा. चकचकीत ठेवणं म्हणजे काळजी घेणं नव्हे. मी आता इतकी चकचकीत आहे की माझ्यात तोंड दिसेल.

माझ्या शेजारी काल एक नवी बंदूक आणून ठेवली आहे. टायटसच्या जागेवर सायलस नावाचा माणूस लागला, त्याची. ती बाहेरच्या थंडीतून आली आणि आल्यापासून तिला घाम फुटला आहे. थेंब मला दिसतात. उद्या सकाळी सायलस तिला घेऊन नदीवर निघणार आहे. चावी तुमच्या खिशात आहे, साहेब. कपाट उघडून, तिला खोलून आतून सुकवून, बाहेर थंडीत ठेवणार की नाही? चौकशीचं नाव सांगू नका. हो की नाही, बोला.