हाक जप्तीत येत नाही

मी मोंघीबेनची म्हैस बोलतेय. नाव काजळ. आज ऊन खाऊन पाठ पुन्हा काळी झाली आहे, पण एका उन्हाळ्यात मी राखेसारखी भुरकट झाले होते. अंधाऱ्या खोलीत कोंडल्यावर दुसरं काय होणार? आळीतली पोरं विचारायची, "काकी, तुमची म्हैस विलायतेला जाऊन आली का?" त्यांना गंमत वाटायची. मला शिंग मारावंसं वाटायचं.

आमचं गाव बारडोली तालुक्यातलं. काळी जमीन, कापूस, आणि वेशीजवळ तळं. त्या तळ्यात माझी आई डुंबली, मीही डुंबले. मग इंग्रज सरकारनं शेतसारा वाढवला. एकही साहेब बांधावर आला नाही, कुणाला काही विचारलं नाही. खुर्चीत बसून ठरवलं, या लोकांना परवडतं! चारा बघितल्याशिवाय दूध मागू नये, हे जनावरालासुद्धा कळतं.

अख्ख्या तालुक्यानं ठरवलं, सारा भरायचा नाही. मारामारी नाही, शिवीगाळ नाही. भरायचा नाही म्हणजे नाही. मग जप्त्या सुरू झाल्या. शेतकऱ्याच्या घरातून नेण्याजोगं असतं काय? चार भांडी, एखादा पलंग आणि आम्ही. म्हणून म्हशी घरात आल्या. जप्तीवाले दिसले की वेशीवर ढोल वाजायचा आणि पटापट दारं लागायची. बंद दार फोडायचं तर आत जनावर असल्याची खात्री हवी, असा त्यांना वरून हुकूम होता.

आत मोंघीबेन, तिचे यजमान दुर्लभभाई, मुलं, मी आणि माझी नुकती जन्मलेली पारडी. चूल, पाळणा, शेण, सगळं एकाच खोलीत. मोंघीबेननं कधी नाक मुरडलं नाही. "तू शेणाची, मी धुराची. कोण कुणाला नावं ठेवणार?" म्हणायची आणि पाठीवरून हात फिरवायची.

आमच्याकडे दूध विकतात, तूप विकतात, पण ताक कुणी विकत नाही. ज्याला हवं त्यानं भांडं घेऊन यावं. ताकाला नाही म्हणायची रीतच नाही. गावानं सरकारी माणसांशी सगळा व्यवहार तोडला होता. न्हावी त्यांची दाढी करेना, गाडीवाला बैल जुंपेना. तरीही एका दुपारी खिडकीशी आवाज आला, "बेन, ऊन लागतंय. घोटभर पाणी द्या."

तो रणछोड होता, कचेरीतला पट्टेवाला. शेजारच्याच गावचा.

दुर्लभभाई दबक्या आवाजात म्हणाले, "गप बस. सरकारचा माणूस आहे."

"तहान काय सरकारची असते?" मोंघीबेन म्हणाली. आणि उन्हातून आलेल्याला नुसतं पाणी कसं द्यायचं? तिचा हात सवयीनं ताकाच्या मडक्याकडे गेला.

रणछोड घटाघटा प्यायला. वर लोण्याची कणी तरंगत होती. कोपऱ्याआड जप्ती अमलदार उभा होता. त्यानं विचारलं, "ताजं आहे?"

"आजचंच आहे, साहेब," रणछोड मिशी पुसत म्हणाला.

घरात दुभतं जनावर असल्याची खात्री पटली. कुऱ्हाडीनं दार फोडलं. लाज कशी वाटली नाही? तहान पुढे करून आत शिरलात, आमच्याच ताकाचा आमच्यावर पुरावा केलात!

मला ओढून नेलं. पारडी हंबरत मागे राहिली. ती काय, एवढीशी. तिला कोण विकत घेणार? ठाण्याच्या आवारात मी कुणाला पान्हा सोडला नाही. सड तटतटले, ताप भरला, तरी नाही. लिलावात तालुक्यातल्या एकानंही बोली लावली नाही. शेवटी परगावच्या एका व्यापाऱ्यानं मला बकरीच्या भावात घेतलं.

स्टेशनचा रस्ता आमच्याच वेशीवरून जातो. पाण्याचा वास आला आणि मी दोराला हिसका देऊन थेट तळ्यात शिरले. मधोमध जाऊन बसले, नाकपुड्या तेवढ्या वर. काठ्या आपटल्या, दगड मारले. मी हलले नाही. मग अमलदारानं मोंघीबेनला बोलावलं. सारं गाव काठावर जमलं.

"बाई, हाक मार. तुझं ऐकते म्हणे."

"साहेब, म्हैस नेलीत, दावं नेलंत, गळ्यातली घंटाही नेलीत. तुमच्या कागदावर हाक लिहिली आहे का?"

मागून शेजारची डाहीकाकी ओरडली, "लिहिली असेल तर तुम्हीच मारा की!"

आणि खरंच, साहेबांनी मारली. "काजळ, ये, ये!" मी नाकपुड्याही पाण्यात घेतल्या. काठावर हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मोंघीबेन मात्र हसली नाही. ती ओठ घट्ट मिटून उभी होती.

ऊन उतरलं. व्यापारी वैतागून म्हणाला, "माझे पैसे टाका. तळ्यातली म्हैस मी घेतलेली नाही." दोघं भांडत निघून गेले. मग मोंघीबेननं हाक मारली. मी पाणी उडवत निघाले, भरलेली कास सावरत घराकडे धावले.

पारडीचा खुंटा होता. दावं होतं. पारडी नव्हती.

दुसऱ्या कुणाच्या दुधाला तिनं तोंडच लावलं नव्हतं. त्या दिवशी सकाळीच गेली होती. काठावर उभ्या असलेल्या मोंघीबेनला हे ठाऊक होतं, मला जवळ घ्यावंसं वाटत असणार, आणि तरी तिनं त्यांच्यादेखत हाक मारली नव्हती.

मला पुन्हा न्यायला येण्याआधीच सरकार नमलं. वाढीव सारा मागे घेतला. जप्त जमिनी परत, भांडी परत, माझी घंटासुद्धा परत. माझी पारडी कुणी परत करायची? साहेबलोक विलायतेला गेले, तिथे चहात दूध घालून पीत असतील.

रणछोडनं पुढे पट्टा फेकून दिला. आता तो रोज सकाळी ताकाला येतो. "चुकला, पण आपलाच आहे," म्हणत मोंघीबेन त्याच्या भांड्यात ओतते. तिचं मन मोठं आहे. माझं नाही. मी त्याच्याकडे पाठ करून उभी राहते.

पी बाबा. ताक माझ्याच दुधाचं आहे आणि त्याला या दारात कुणी नाही म्हणणार नाही. फक्त पिताना एकदा माझ्या शेजारच्या त्या लहान खुंट्याकडे बघत जा. मोंघीबेननं तो अजून उपटलेला नाही.