नाला खत पितो

दोंडाईच्याच्या दीपचंदशेठची मुलगी राजकुंवर धुळ्याच्या कॉलेजात शिकवायची, आणि सुट्टी मिळाली की साक्रीकडच्या एका नाल्यात घोटाभर पाण्यात उभी राहायची. शेतांतून वाहून येणाऱ्या खतातलं नाला स्वतः किती पितो, हे तिला मोजायचं होतं.

रीत सोपी होती. मीठ आणि खत एकत्र विरघळवून पाण्यात सोडायचं, आणि खाली वळणापाशी दोन्ही तपासायची. मीठ कुणी खात नाही, ते पोचतंच. खत मात्र कमी पोचलं, तर तेवढं वाटेत नाल्याने घेतलं.

पहिल्या खेपेला तिने अख्खी बादलीच उपडी केली. मिठाबरोबर जवळजवळ सगळं खत खाली आलं. नाला मेलेलाच म्हणायचा, असं पुटपुटत ती एसटीत बसली. पण मन खाई. बादलीभर एकदम ओतलं, तर ते कुणाच्या घशाखाली उतरणार?

म्हणून एकोणनव्वदच्या थंडीत तिने काठच्या बाभळीला सलाईनच्या बाटल्या टांगल्या आणि तेच मीठ-खताचं पाणी थेंबथेंब सोडलं. शेजारच्या मळ्यातले हिलालनाना बघतच राहिले.

"नाल्याले सलाईन लायी दिनी का व पोरी?"

"हो नाना. हळूहळू पाजून बघते."

वळणापाशी पाण्यात बुडवलेल्या मीटरवर मिठाचा आकडा स्थिरावेपर्यंत ती थांबली. मग बाटल्यांच्या थोडं खालचं आणि वळणाजवळचं, असं पाणी दोन काचेच्या नळ्यांत घेतलं. दोन्हींत औषध टाकलं. खत असेल तितकं पाणी निळं होणार होतं.

वरची नळी गर्द निळी झाली. खालची तशीच, नितळ. तिने मीटर पुन्हा बुडवला. मीठ तर जवळजवळ पुरतं आलेलं.

"मंग बठ्ठं खत कथं गयं?" नानांनी नळी उन्हात धरून विचारलं.

राजकुंवरने वाकून एक दगड उचलला. शेवाळाच्या ज्या हिरवट बुळबुळीवरून ती दरवेळी घसरायची, ती त्याच्या पाठीवर होती. तिच्यातून बारीक बुडबुडे निघत होते.

"यांनी खाल्लं, नाना. नाला जिवंत आहे."

बादलीने खोटं सांगितलं नव्हतं. तिनेच त्या चिमुकल्या तोंडांना हंडाभर घास दिला होता. तिने दगड होता तसा, हिरवी बाजू वर करून, हलकेच ठेवला.

उन्हं कलली तशी नानांच्या म्हशी पाण्यावर आल्या. नाना काठी आडवी धरून पुढे धावले.

"चला रे, आज आठे नही!"

आणि त्यांनी सगळा कळप वळणाखाली नेला.