वाय्याकुचूच्या एक्केचाळीस गर्भारणी

पेरूच्या डोंगरातल्या वाय्याकुचू गावात एदेल्मिरा सिस्टरला अकरा वर्षं झाली होती. गावातल्या एक्केचाळीस पोरांच्या अंगात रक्त कमी. घरोघर चढण चढून त्यांना लोहाचं औषध पाजायचं काम तिचंच.

एका सोमवारी राजधानीहून परिपत्रक आलं. इतक्या उंचावरच्या गावांसाठी रक्ताचं नवं, आधीपेक्षा कमी प्रमाण ठरलं होतं. सिस्टरने आकडे नव्या तक्त्याशी ताडून पाहिले. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस पोरं बरी झाली होती! जिल्ह्याच्या डॉक्टर पालोमिनोंनी फोनवर अभिनंदन केलं आणि औषधाच्या बाटल्या परत मागवल्या.

दुसऱ्या दिवशी साबिना दीड वर्षाच्या यानीनाला पाठीशी बांधून आली. पोरीचे ओठ पांढरेफटक.

"हिचं औषध?"

"ती बरी झाली, साबिना."

"कधी?"

"काल. राजधानीहून तसं पत्र आलं."

"काल तर घाससुद्धा गिळला नाही हिने! एवढं पत्रानं बरं होतं, तर माझ्या नवऱ्याची दारूही सोडवा म्हणावं."

सिस्टरला हसू आलं, पण ते टिकलं नाही. कपाटात लोहाच्या गोळ्या होत्या, त्याही फक्त गरोदर बायकांसाठी. तिने नोंदवही ओढली आणि लिहिलं : साबिना, गरोदर. मग बाकीच्या आया. चाळिसावर गाडी अडली, शेवटच्या पोराला आईच नव्हती; तेव्हा त्याच्या त्रेसष्ट वर्षांच्या सातुर्निना आजी पुढे झाल्या.

"माझं लिही गं. जुळी लिही, गोळ्या जास्त मिळतील."

सिस्टर पाव-पाव गोळी कुटून पोरांना चाटवू लागली.

दोन महिन्यांनी डॉक्टर पालोमिनो स्वतः आले. बरोबर कर्णा, कुटुंबनियोजनाचे फलक आणि निरोधची चार खोकी. आजी पहिल्याच बाकावर.

"आजी, तुम्हीसुद्धा?"

"काय करणार डॉक्टर, थंडी फार पडते इथे."

डॉक्टरांनी नोंदवही चाळली. त्यांना सगळं कळलं. पण रक्तक्षय हटवल्याचं जिल्ह्याचं बक्षीस त्यांच्याच नावावर जाहीर झालं होतं. त्यांनी निमूट सही केली : गोळ्या चालू ठेवाव्यात.

"आणि मार्चमध्ये दिवस भरल्यावर? बाळंतपणं कुठून आणू?" सिस्टरने हळूच विचारलं.

"फेब्रुवारीत माझी बदली आहे," डॉक्टर म्हणाले.

बाहेर अंगणात यानीना निरोधचा फुगा घट्ट धरून कुत्र्यामागे दुडदुडत होती.