झाकणावरचं अक्षर

विभागप्रमुखांना मुलं 'प्रस्तावना सर' म्हणत. बॅक्टेरियात चमकणारा जीन घालायचा प्रयोग तासाभराचा. त्यातली चाळीस मिनिटं सर प्रस्तावनेला खात. बर्फातल्या नळ्या बेचाळीस अंशांच्या पाण्यात बरोबर पन्नास सेकंद बुडवायच्या, की जीन आत शिरतो. सरांनी नळ्या बुडवल्या आणि स्वतःच्या पीएचडीची गोष्ट काढली. लॅबच्या सहायक बाईंनी मनातल्या मनात पन्नास मोजले आणि नळ्या परत बर्फात ठेवल्या. सरांना पत्ता नाही. बाईंच्या अठरा वर्षांच्या नोकरीत कधी होता?

मग बॅक्टेरिया वाढायला दोन प्लेटांवर पसरायचे. प्लेटांमध्ये बॅक्टेरिया मारणारं औषध घातलेलं. जीन घेतलेले जगणार, बाकीचे मरणार. सरांनी टपोऱ्या अक्षरात झाकणांवर लिहिलं: 'जीनसह', 'जीनविना'.

"सर, बुडावर लिहूया. झाकणांची अदलाबदल होते."

"बाई, तुम्ही काचसामान धुवा."

बाईंनी धुतलं. मग दोन्ही बुडांच्या कडेला मुंगीएवढ्या अक्षरात लिहून ठेवलं.

दोन दिवसांनी समिती यायची होती ती बाईंच्याच पदासाठी: लॅबला सहायक हवी की नको. सरांचा अभिप्राय तयार होता, 'नसल्यास चालेल.' त्याच्या झेरॉक्स काढायला त्यांनी बाईंनाच पाठवलं होतं. एवढी अक्कल.

समिती येण्याआधी सरांनी प्राचार्यांना दोन्ही प्लेटा उघडून दाखवल्या, आणि बोलता बोलता याचं झाकण त्याला लावलं. बाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी पाहिलं आणि झाकणं तशीच राहू दिली.

समिती आली. पडदे ओढले. जांभळा दिवा लागला. 'जीनविना' प्लेट हिरवीगार चमकली. 'जीनसह' प्लेटवर काही उगवलंच नव्हतं.

"हे उलटंच झालं की हो," समितीतले चष्मेवाले म्हणाले.

"सहायकांनी घोळ घातलाय, दुसरं काय."

नाचता येईना, अंगण वाकडं. आणि अंगण झाडणारी त्याहून वाकडी.

"झाकणावरचं अक्षर कोणाचं?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"तसं… माझंच."

"बुडावरचं माझं," म्हणत बाईंनी दोन्ही प्लेटा उलट्या करून दिव्याखाली धरल्या.

चष्मेवाल्यांनी वाकून वाचलं. सरांच्या कागदावरचं 'नसल्यास चालेल' सावकाश खोडलं. "यांच्याशिवाय तुमचं चालायचं नाही, सर."

पुढच्या आठवड्यात प्रस्तावनेत पाच मिनिटांची भर पडली: नाव नेहमी बुडावर लिहावं, हा सरांचा स्वतःचा अनुभव. आणि सरांनी बुडावर असं टपोरं लिहिलं, की आत काय उगवलंय ते दिसेना.

बाई बेसिनकडे वळल्या. काचसामान धुवायचं होतं.